अरबी-जपानी दुभाषी पाहिजे, हाडांच्या ऑपरेशनच्या हत्यारांची जाण असलेला (संभाजीनगर / मराठवाडा)

वाळूज_टूलरूम

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. हाडांच्या ऑपरेशनला लागणारी हत्यारं करतो. ड्रिल गाईड, डेप्थ गेज, स्क्रूड्रायव्हर, प्लेट बेंडर, आणि ही सगळी हत्यारं ज्यात मांडून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, जातात ते स्टीलचे ट्रे. शरीरात राहणारं काही, म्हणजे प्लेटा-स्क्रू, आम्ही करत नाही. ते जपानी कंपनी स्वतः करते, आम्ही तिच्या ड्रॉइंगवर हत्यारं देतो.

आता त्यांचा इजिप्तचा वितरक कारखाना बघायला यायलाय. सोबत दोन इंजिनियर, एक सर्जन आणि एका मोठ्या दवाखान्याच्या निर्जंतुकीकरण विभागाचा प्रमुख. त्याच वेळी जपानहून क्वालिटीचे दोघं. पहिला दिवस शॉप फ्लोअर, म्हणजे मशीन चालतात ती जागा, दुसरा कागदपत्रं, तिसरा तक्रारींचा आढावा. ट्रेची लॅच, म्हणजे झाकण बंद ठेवणारी कडी, सैल होते, लेझर मार्किंग पुसट होतं, असे विषय आहेत.

जपान्यांनी मेलमध्ये लिहिलंय की दुभाषी अरबी ते जपानी थेट हवा, मधे इंग्रजी नको, आणि त्याला वैद्यकीय उपकरणं माहीत हवीत. एका एजन्सीनं हात वर केले. दुसरीनं लगेच हो म्हणून बायोडेटा पाठवला. त्यात अनुभव काय, तर हॉटेलांचे मेन्यू आणि ॲनिमेची सबटायटल्स. कुणाच्या माहितीत कुणी असेल तर सांगा. जालना, नांदेड, लातूर कुठलाही चालेल. पैसे द्यायची तयारी आहे, पण कशाचे द्यायचे तेच कळंना.

किस्सेवाला_परभणी

आमच्याकडं परभणीहून दुपारची थेट एसटी मिळंना, तुम्ही थेट अरबी-जपानी मागायलात. बसतो बाजूला, वाचतो.

टेक_भौ

कामून एवढा खर्च? फोनमध्ये ॲप आहे. इकडून अरबी बोला, तिकडून जपानी ऐका. फुकट.

वाळूज_टूलरूम

@टेक_भौ, चहा-पाण्यापुरतं ठीक आहे. पण ड्रॉइंगा आमच्या नाहीत, जपान्यांच्या आहेत, आणि आम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. त्यांचं बोलणं कुठल्या सर्व्हरवर गेलं ते मी कसं सांगणार? शिवाय "लॅच निर्जंतुक करण्याआधी उघडत नव्हती" यातला "नव्हती" मधेच गळाला तर माझा आख्खा लॉट परत येईल.

नांदेडची_सिस्टर

मी सौदीत रियाधला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, काम केलंय, आता नांदेडला असते. आधी एक विचारते. सर्जन सोडून बाकीच्यांना इंग्रजी किती येतं?

ओटीत अरबी फार चालत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आमच्या टेबलाभोवती फिलिपिनो, केरळी, सुदानी, इजिप्तचे आणि एक मी. सगळ्यांचं काम इंग्रजीत. अरबी लागायची पेशंटशी आणि नातेवाइकांशी. इजिप्तमध्ये मेडिकलचं शिक्षणच इंग्रजीत होतं. सीरियात अरबीत होतं, त्यामुळं सीरियन डॉक्टर असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे तुमच्या सर्जनसाहेबांना ड्रिल गाईडला अरबीत काय म्हणतात ते विचारलं तर तेही इंग्रजीच शब्द सांगतील.

खरी अरबी लागणार आहे ती निर्जंतुकीकरणवाल्या माणसासाठी, आणि सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे. सर्जन हत्यार पाच मिनिटं हातात धरतो. हा माणूस रोज धुतो, ब्रश मारतो, सुकवतो, मांडतो, १३४ डिग्रीच्या वाफेत घालतो. लॅच कधी सैल होते, मार्किंग कितव्या धुण्याला पुसट होतं, हे त्याला विचारा. आतून पोकळ ड्रिल असतील तर त्यातलं वाळलेलं रक्त निघत नाही ही तक्रारही त्याच्याकडनंच येईल, सर्जनकडून नाही. त्याचं बोलणं जपान्यांपर्यंत धड पोहोचलं पाहिजे. बाकी लोक कसंही निभावून नेतील.

वाळूज_टूलरूम

सिस्टर, हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारून सांगतो.

कांजीवाली

मूळची लातूरची, पुण्यात जपानी-इंग्रजी-मराठी दुभाषी आहे. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत बहुतेक काम, काही वेळा मेडिकलचंही केलंय. लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

भारतात अरबी आणि जपानी दोन्ही शिकवणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. तुम्हाला हैदराबाद अजिंठा एक्सप्रेसनं एका रात्रीचं. पण दोन्ही विभाग एकाच इमारतीत असले तरी दोन्हींतून बाहेर पडलेला एकच माणूस मला आजवर भेटलेला नाही. जपानीला कांजी, म्हणजे चित्रासारखी अक्षरं, आणि अरबीला क्रियापदांची रूपं, दोन्हींना प्रत्येकी काही वर्षं जातात. एवढं करून माणूस हाडाच्या हत्यारांकडं कशाला वळेल? म्हणून मराठवाड्यात असा माणूस शोधणं सोडा.

बायोडेटात "एन१" दिसलं की लोक निर्धास्त होतात. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची ती सर्वात वरची पातळी, खरं आहे. पण त्या परीक्षेत बोलायचा पेपरच नसतो. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं तेवढं तपासतात. एन१ असलेला माणूस मीटिंगमध्ये गप्प बसलेला मी पाहिलाय आणि एन२ वाली मुलगी दिवसभर शॉप फ्लोअर सांभाळताना पाहिलीय. निवडताना फोनवर तुमच्याच धंद्यातलं एक वाक्य द्या. उदाहरणार्थ, "साडेतीनच्या कॉर्टिकल स्क्रूला अडीचचं ड्रिल, आणि साडेचारच्याला तीन पूर्णांक दोनचं." कॉर्टिकल म्हणजे हाडाच्या कठीण कवचातला स्क्रू, मापं मिलिमीटरात. हे चार आकडे न चुकता परत आले तर पुढं बोला. बाजारात हवापाण्यावर छान बोलणारे पुष्कळ आहेत, ते इथंच अडकतात.

आकड्यांचं आणखी एक. जपानी मोजणी दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्यात चालते. पंचवीस हजार नग त्यांच्यासाठी अडीच गठ्ठे. आपण लाख-कोटीत मोजतो म्हणून आपल्याला ती कसरत कळते, पण अरबीवाला हजारांत मोजतो. ऑर्डरच्या आकड्यावर कुणीही दुभाषी अर्धा सेकंद थबकतो. म्हणून नगसंख्या तोंडी सांगूच नका, फळ्यावर लिहा.

आता मुद्दा. थेट दुभाषी नसला तर रिले करतात. अरबीवाला इंग्रजीत आणतो, जपानीवाली इंग्रजीतून जपानीत नेते. एकाच भाषेत तासाभरात होणारी चर्चा दुभाष्यानं बोलणं थांबवून केली तर दोन तासांची होते, रिलेनं तीनच्या जवळ जाते. कार्यक्रम आखताना हे धरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा अजेंडा शिल्लक राहील आणि लोक दुभाष्यावर चिडतील. पण रिलेतली दोन्ही माणसं उपकरणं ओळखणारी असतील, तर ती जोडी उपकरणं न ओळखणाऱ्या एका थेट माणसापेक्षा माझ्या मते कधीही बरी.

जपानी लोक थेट का मागतात हेही विचारा. बऱ्याच वेळा कारण भाषेचं नसतंच. दुभाषी पुरवठादारानं आणला की तो पुरवठादाराचा माणूस, अशी त्यांना शंका असते. तसं असेल तर त्यांनीच टोकियोहून किंवा ओसाकाहून माणूस आणावा. टोकियो परकीय भाषा विद्यापीठात आणि ओसाका विद्यापीठात अरबी शिकवतात, तिथले लोक या कामात आहेत. धंद्याच्या बैठकीत प्रत्येक बाजूनं आपापला दुभाषी आणणं ही साधी रीत आहे. सगळा भार तुम्हीच का उचलताय?

किस्सेवाला_परभणी

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

शहागंज_घड्याळ

सलाम सगळ्यांना. मी अरबीत एमए, जुन्या शहरात राहतो. रोजीरोटी म्हणजे आखातात जाणाऱ्या पोरांची कागदं: जन्मदाखले, डिग्री, लग्नाचे दाखले अरबीत करून देणं. बोलण्याचं कामही करतो, अरबी ते इंग्रजी, उर्दू, मराठी. जपानीचा एक अक्षर येत नाही.

शहरात अरबी जाणणारे बरेच आहेत, पण सगळे एका कामाचे नाहीत. मदरशात शिकलेला माणूस किताबी अरबीत पक्का असतो. व्याकरण त्याच्यासारखं कुणाचं नाही, पण टेलिफोनवर भांडता येईलच असं नाही. दुबई-कतारहून परतलेला ड्रायव्हर किंवा सुपरवायझर बोलतो झकास, पण आखाती बोली, आणि लिहिता-वाचता येईलच असं नाही. तुमचे पाहुणे मिसरी, म्हणजे इजिप्तचे. ते ज चा ग करतात. पहिल्या दिवशी आखातवाल्याचे कान गोंधळतील, किताबीवाला आपण अखबार वाचतोय असं बोलेल आणि पाहुणे हसतील, पण समजेल त्यांना सगळं. उत्तर मात्र ते त्यांच्या बोलीत देतील. म्हणून मिसरी बोली ऐकलेला माणूस बघा. मी कैरोच्या लोकांबरोबर काम केलंय, पण मशीन-हत्यारांचं नाही. कॅटलॉग आणि फोटो पंधरा दिवस आधी दिलेत तर तयारी करतो. आदल्या रात्री दिलेत तर माफ करा, मी येणार नाही.

एक गोष्ट कांजीवाली ताईंनी आकड्यांवर लिहिलीच आहे, त्यात भर. मिसरी माणूस हातानं लिहितो तेव्हा त्याचा पाच हा गोल असतो, आपल्या शून्यासारखा. त्याचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि दशांशाच्या जागी स्वल्पविरामासारखी खूण. त्यानं कागदावर साडेतीन मिलिमीटर लिहिलं तर जपानी साहेब तीन पूर्णांक शून्य वाचतील. फळ्यावर लिहा म्हणालात ते बरोबर, पण लिहिणारा तुमचा माणूस असू द्या.

क्यूए_चिकलठाणा

+१. हातानं लिहिलेला आकडा मीटिंगच्या नोंदीत घेऊच नये.

दुभाष्यावर टाकायचं ओझं आधी कमी करा. तुमच्या कामात बरंच काही भाषेशिवाय बोलता येतं. पोलादाचा दर्जा मानकाच्या नंबरानं सांगा. जपानी ड्रॉइंगवर एसयूएस ४२० जे२ असतं, ते ४२० नंबरच्या स्टेनलेस पोलादाच्याच घराण्यातलं. सोबत आयएसओ ७१५३-१, हे ऑपरेशनच्या हत्यारांच्या धातूंचं मानक, लिहिलं की वाद मिटतो. कठीणपणा एचआरसीत, म्हणजे रॉकवेल मापात. लेबलवरच्या खुणा आयएसओ १५२२३-१ मधल्या: वाळूचं घड्याळ म्हणजे वापराची मुदत, काट मारलेला दोन म्हणजे पुन्हा वापरू नका. त्या खुणा केवळ भाषांतर टाळण्यासाठीच केलेल्या आहेत.

ड्रॉइंग दाखवताना एक सांभाळा. जपानी ड्रॉइंग थर्ड अँगलचं. आपल्या आयटीआयच्या पोरांना फर्स्ट अँगल शिकवलेलं. वस्तूची बाजूची चित्रं कागदावर कुठल्या बाजूला मांडायची, त्याच्या या दोन उलट पद्धती. तुमच्या पोरांना सवय झाली असेल, पण इजिप्तच्या इंजिनियरांना कुठल्याची सवय आहे ते विचारून घ्या. नाहीतर लॅच डावीकडं की उजवीकडं यावर तासभर जाईल, आणि दोन्ही दुभाषी शब्द बरोबर असूनही तोंडाकडं बघत बसतील.

कागदपत्रांचा दिवस वाटतो तेवढा अवघड नाही. जपानमधलं जपानी माहितीपत्रक ही तिथल्या परवानाधारकाची जबाबदारी. इजिप्तची नोंदणी तिथला वितरक करतो. तुम्ही दोघांना दाखवायचं ते आयएसओ १३४८५ ची, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेच्या मानकाची, तुमची यंत्रणा, तपासणीचे रेकॉर्ड, पॅसिव्हेशनचे (पोलाद गंजू नये म्हणून करतात ती ॲसिडची प्रक्रिया) आणि धुण्याचे अहवाल. ते इंग्रजीतच आहेत ना? मग तिथं दुभाषी फक्त प्रश्नोत्तरांना.

आणि एजन्सीनं "मेडिकल दुभाषी" म्हटलं तर नीट विचारा. आयएसओ २१९९८ नावाचं २०२० चं मानक आहे आरोग्यसेवेतल्या दुभाष्यांसाठी. त्यात डॉक्टर-पेशंटमधलं बोलणं येतं. तुम्हाला हवा तो खरं तर यंत्रशाळेतला दुभाषी, ज्याला ओटी ठाऊक आहे. पेशंटचा आजार हळुवार समजावून सांगणारा माणूस बरर (कडेला राहिलेली धातूची कूस) आणि चॅम्फरमध्ये (तिरकी कापलेली कड) गटांगळ्या खातो.

वेरूळ_लेणं_नं_१६

अजिंठा-वेरूळला जपानी पाहुणे येतात म्हणून आपल्याकडं जपानी बोलणारे गाईड आहेत. त्यातला एखादा घ्या की. स्थानिक, स्वस्त, आणि पाहुण्यांना खूश ठेवणारा.

कांजीवाली

विमानतळ, हॉटेल, जेवण, फिरणं यासाठी जरूर घ्या. खरंच चांगली माणसं आहेत ती, आणि जपान्यांचा थकवा त्यांना ओळखता येतो. फ्लोअरवर नको. पद्मपाणीवर तासभर बोलणाऱ्याला डेप्थ गेजवर बोलायला लावणं त्याच्यावरच अन्याय.

उदगीर_ते_कैरो

धागा उशिरा दिसला. उदगीरचा, कैरोत औषधांच्या धंद्यात आहे. वरची गाईडची गोष्ट वाचून हसू आलं, कारण इथंही तेच.

थेट अरबी-जपानी माणूस जगात कुठं मिळायचा असेल तर इथं. कैरो विद्यापीठात जपानी विभाग १९७४ पासून आहे, इथल्याच ऐन शम्स विद्यापीठातही आहे. अरबी मायबोली आणि जपानी पक्की, अशी पोरं-पोरी दरवर्षी बाहेर पडतात. पण पोट कशावर? पिरॅमिडवर. बरेच जण टुरिस्ट गाईड होतात. त्यांना फेरोंच्या पिढ्या जपानीत पाठ आहेत. ती माणसं हुशार असतात, पण सरळ फ्लोअरवर उतरवू नका.

तरी त्यात थोडे वेगळे आहेत. जपानी मदतीनं इथं बरीच कामं झालीत. मुलांचं अबू अल-रीश हॉस्पिटल १९८३ मध्ये जपानच्या मदतीनं उभं राहिलं, आजही टॅक्सीवाला त्याला "जपानी हॉस्पिटल" म्हणूनच ओळखतो. अलेक्झांड्रियाजवळ बुर्ज अल-अरबला इजिप्त-जपान विज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी किंवा जपानी कंपन्यांच्या इथल्या कचेऱ्यांत काम केलेला दुभाषी शोधा. तुमच्या वितरकालाच सांगा की विद्यापीठाच्या विभागात चौकशी कर, त्याला ते सोपं जाईल. आणि दवाखाना सरकारी असेल तर खरेदी एकत्रित खरेदी प्राधिकरणाकडून होते. २०१९ च्या १५१ क्रमांकाच्या कायद्यानं ते आणि औषध प्राधिकरण दोन्ही झाली. तिथल्या कागदांतली भाषा या दुभाष्याला माहीत असली तर सोन्याहून पिवळं.

वाळूजला आणायची गरज नाही, ऑनलाइन घ्या. वेळेचं गणित मात्र नीट करा. कैरोत सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात तुमचे दुपारचे साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. २०२३ पासून इथं पुन्हा उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतात. जपानमधून कुणी जोडणार असेल तर तुमच्या साडेबाराला तिकडं चार वाजलेले, म्हणजे ते घरी जायच्या घाईत. आणि इथं सुटी शुक्रवार-शनिवार.

किस्सेवाला_परभणी

विषयांतर होतंय, माफी. पण मराठवाड्याला तांत्रिक भाषांतर नवं नाही. निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठ निघालं १९१८ ला, शिकवणं उर्दूत. त्याच्या आधी वर्षभर भाषांतराचा खास विभागच काढला, शास्त्राची, वैद्यकाची पुस्तकं उर्दूत आणायला, आणि नवे शब्द बरेचसे अरबीतून घडवले. आमच्याकडचे जुने डॉक्टर त्या उर्दूतच वैद्यक शिकलेले. आज इथं कुणी शल्यशास्त्राचे अरबी शब्द ऐकले तर निम्मे ओळखीचे निघतील.

शहागंज_घड्याळ

निघतील, पण मिसरी सर्जन ते शब्द वापरणार नाही. सिस्टर म्हणतात ते खरं, तो इंग्रजीच म्हणेल. वालिदांच्या कपाटात त्या काळची दोन पुस्तकं आहेत, कधी या बघायला.

वाळूज_टूलरूम

मंडळी, दोन्हीकडं विचारलं.

इजिप्तचे सर्जन आणि दोन्ही इंजिनियर इंग्रजी बोलतात. निर्जंतुकीकरणवाले साहेब बोलत नाहीत. सिस्टर, मानलं तुम्हाला.

जपान्यांचं उत्तर लांबलचक आलं. त्यांना "थेट" हवं ते तिसऱ्या दिवसासाठी, तक्रारींच्या. कारण मागं इजिप्तच्या दवाखान्यातून आलेली तक्रार वितरकाच्या इंग्रजीतून त्यांच्याकडं पोहोचली, त्यात लॅच वाफेत जायच्या आधी सैल झाली की नंतर, तेच हरवलं. नंतर झाली असेल तर पोलाद आणि उष्णतेची प्रक्रिया बघायची. आधी झाली असेल तर हाताळणी आणि ट्रेवर ट्रे रचण्याची पद्धत. त्यांनी महिनाभर उष्णतेच्या प्रक्रियेचे रेकॉर्ड चाळले. बाकी दोन दिवस इंग्रजीतून रिले चालेल म्हणतात. स्वतःचा माणूस आणायला मात्र तयार नाहीत, खर्च अर्धा-अर्धा करू म्हणाले.

म्हणून असं ठरवतोय. पहिले दोन दिवस कांजीवाली ताई आणि शहागंजभाई, जमत असेल तर. तिसऱ्या दिवशी कैरोतून थेट दुभाषी ऑनलाइन. वितरकानं दोन नावं दिलीत, त्यातल्या एका बाईंनी जपानी वैद्यकीय यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या कैरो कचेरीत काम केलंय. तुमच्या त्या ड्रिलच्या वाक्यावर त्यांची परीक्षा घेतली, चारही आकडे परत आले. वरून त्यांनीच विचारलं की लॅच स्प्रिंगची आहे की सरकवायची. हा प्रश्न विचारणारा पहिलाच दुभाषी भेटला.

कांजीवाली

मग त्यांनाच घ्या, आणि दुसऱ्या नावाकडं बघू नका. प्रश्न विचारणारा दुभाषी मिळाला की सोडायचा नाही.

मी येते. अटी अशा: ड्रॉइंग आणि हत्यारांच्या नावांची यादी आधी, गोपनीयतेच्या करारावर सही करून. जेवणाच्या टेबलावर मला अर्धा तास मोकळा. लोक जेवताना गप्पा मारतात आणि दुभाष्याचं ताट गार होतं. ऑनलाइनच्या दिवशी कैरोच्या बाई एकट्याच असतील तर दर तासाला विश्रांती द्या. एकाच वेळी ऐकून बोलायचं म्हटलं तर दुभाषी वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीनं बदलतात. एकटीवर तसलं काम लादू नका, थांबून-थांबूनच बोला. मी तिसऱ्या दिवशीही खोलीत बसते, त्यांची लाईन तुटली तर रिले सुरू करता येईल.

आणि फ्लोअरवर कॉम्प्रेसरजवळ कुजबुजून सांगणं जमत नाही. टूर गाईड सिस्टीम भाड्यानं घ्या, छोटा माईक आणि प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर. दोन चॅनेलचा घ्या, अरबी वेगळा, जपानी वेगळा.

क्यूए_चिकलठाणा

इंटरनेट वायरचं घ्या, वायफायवर जाऊ नका. कॉन्फरन्स रूमच्या मध्यावर एक चांगला माईक ठेवा. लॅपटॉपच्या माईकमधून पाच माणसांचा आवाज ऐकून कुणी भाषांतर करू शकत नाही. इन्व्हर्टर आहे ना?

वाळूज_टूलरूम

डिझेल जनरेटर आहे. पण सुरू व्हायला मिनिट लागतं, तेवढ्यात राऊटर बंद पडतो. राऊटरला वेगळा यूपीएस लावतो.

शहागंज_घड्याळ

मी तयार आहे. यादी पाठवा. पण माझ्यासाठी यादीपेक्षा हत्यारं हातात घेणं जास्त कामाचं. एक दिवस कारखान्यात येऊन ट्रे उघडून बघू का?

नांदेडची_सिस्टर

भाऊ, नुसता ट्रे बघून भागणार नाही. तो धुतात कसा ते बघा. दवाखान्यात घाणेरडी बाजू कुठली, स्वच्छ बाजू कुठली, पॅकिंग कुठं, सकाळी बोवी-डिक टेस्ट (यंत्रातली हवा निघून वाफ सगळीकडं पोहोचते का त्याची तपासणी) का करतात, इंडिकेटर टेपचे पट्टे कधी काळे होतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्या साहेबांचं निम्मं बोलणं ते हात हलवतील तेव्हाच कळेल. मी पुढच्या रविवारी बहिणीकडं संभाजीनगरला यायलेय. ओळखीच्या एका दवाखान्याच्या सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, परवानगी काढते. कांजीवाली ताईंनाही जमलं तर बरं.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं. त्या साहेबांना मीटिंगमध्ये सर्जनच्या शेजारी बसवू नका. वरिष्ठ डॉक्टर बाजूला असला की टेक्निशियन तोंड उघडत नाही, मी रोज बघितलंय. तक्रारींच्या दिवशी सर्जनसाहेबांना तासभर कारखाना दाखवायला न्या, तेवढ्यात यांना बोलू द्या.

वाळूज_टूलरूम

सर्जनना हीट ट्रीटमेंटच्या भट्टीकडं नेतो, त्यांना बघायचीच आहे.

तारखा आता मंगळवार ते गुरुवार धरतोय. तिसरा दिवस गुरुवार, म्हणजे कैरोच्या बाईंची सुटी आड येत नाही. सकाळी ट्रेची प्रात्यक्षिकं, बारानंतर ऑनलाइन. शुक्रवारी पाहुण्यांना फिरवायचंय. वेरूळ की अजिंठा?

वेरूळ_लेणं_नं_१६

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. शुक्रवारी दोन्ही उघडी. पण अजिंठा शंभर किलोमीटरवर. मुसलमान पाहुण्यांना जुम्म्याची नमाज असेल तर अजिंठ्याला जाऊन वेळेत परतणं होत नाही. सकाळी लवकर वेरूळ करा, दुपारच्या आत शहरात आणा. जपानी पाहुण्यांना अजिंठाच बघायचा असतो, त्यांची गाडी वेगळी काढा आणि त्यात आमचा जपानी बोलणारा गाईड बसवा.

शहागंज_घड्याळ

नमाजची व्यवस्था माझ्याकडं. जेवणही घरीच करू म्हणत होतो, पण कारखान्याच्या पाहुण्यांना घरी नेलं तर चालतं का, तुमच्या क्यूएवाल्यांना विचारा.

क्यूए_चिकलठाणा

मला बोलावलं तर चालतं.